थायरॉईडची गोळी आणि रिपोर्टमधील आकडा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी पाककृती सांगावी, कोणी भजन म्हणावे, कोणी मुलांच्या संगोपनावर चार शब्द बोलावेत, अशी आपली रीत आहे. यंदा कार्यकारिणीने मला थायरॉईडच्या रिपोर्टवर बोलायला सांगितले. विषय ऐकून काही जणी म्हणाल्या, ‘हे डॉक्टरांचे काम. तुम्ही त्यात काय सांगणार?’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कोणी किती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही, आणि सभेनंतर कोणी बाजूला घेऊन विचारले तरी सांगणार नाही. परंतु डॉक्टर आपला रिपोर्ट पाहतात ते वर्षातून एकदा-दोनदा. गोळी मात्र आपण रोज घेतो. ती घ्यायची की सोडायची, चहाच्या आधी की नंतर, हे सगळे निर्णय स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी होतात. रिपोर्टचा अर्थ जसा कळला असेल तसे ते निर्णय होतात. अर्थ उलटा कळला तर निर्णयही उलटाच होतो. म्हणून हा विषय मी हाती घेतला.

हा आजार थोडाथोडका नाही. २०१३ साली आपल्या देशातील आठ शहरांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई होती आणि गोवाही होता. शंभर प्रौढ माणसांत सुमारे अकरा जणांची थायरॉईड ग्रंथी कमी काम करते, असे त्यात आढळले. पुरुषांपेक्षा बायकांत हे प्रमाण जवळजवळ तिप्पट निघाले. तेव्हा या मांडवात जेवढ्या बसलो आहोत, त्यांत ही गोळी घेणाऱ्या पुष्कळ असणार, आणि गरज असून ठाऊक नसलेल्याही काही असणार.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. आपण सगळ्या थायरॉईड म्हणतो. ती जो रस रक्तात सोडते त्याचे नाव थायरॉक्सिन. रिपोर्टमधील ‘टी-फोर’ तो हाच. त्यातूनच शरीर पुढे ‘टी-थ्री’ तयार करून घेते. शरीराच्या चुलीला किती आच लावायची हे या रसावर ठरते. रस कमी पडला की आच मंदावते. थकवा येतो, थंडी सोसत नाही, शौचाला साफ होत नाही, केस गळतात, कातडी कोरडी पडते, पाळी बिघडते, वजन थोडे वाढते, मन उदास होते. घरची माणसे म्हणतात, ‘आळशी झाली आहे.’ बाई स्वतःही तसेच समजू लागते.

आता रिपोर्टवरील सर्वांत महत्त्वाचा शब्द, टी.एस.एच. येथेच आपली गल्लत होते. टी.एस.एच. हा थायरॉईडचा रस नव्हे. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, तिला पीयूषिका म्हणतात. रक्तात थायरॉक्सिन किती आहे यावर ती नजर ठेवते. कमी वाटले की ती थायरॉईडला हुकूम पाठवते, ‘काम वाढव.’ तो हुकूम म्हणजे टी.एस.एच.

घरातला दाखला घ्या. आई ओट्यापाशी आहे, आणि पाणी भरण्याचे काम मुलाकडे आहे. मुलाने वेळेवर पाणी भरले तर आई साध्या आवाजात बोलते. त्याने आळस केला की आईचा आवाज चढतो. अगदीच हलला नाही तर तिची हाक चार घरे ऐकू जाते. टी.एस.एच. म्हणजे ही आईची हाक, आणि थायरॉक्सिन म्हणजे पाणी. पाणी कमी, तर हाक मोठी. पाणी जास्त, तर हाक लहान. दोन्ही आकडे एकमेकांच्या उलट चालतात.

एवढे ध्यानात राहिले तर निम्मा रिपोर्ट कळला. ‘माझा थायरॉईड वाढला आहे, आता गोळी कमी करायला हवी,’ असे बोलताना मी पुष्कळ जणींना ऐकले आहे. खरे म्हणजे वाढलेली असते ती हाक. रस कमी पडलेला असतो. अशा वेळी गोळी कमी केली तर आजार वाढणार. दुसरी बाजूही तशीच. ‘माझा आकडा अगदी खाली आला, छान झाले,’ असे म्हणणाऱ्या बाईला गोळी जरुरीपेक्षा जास्त होत असू शकते.

आकडा वाचताना सातवीच्या गणितातील दशांश चिन्ह फार कामाला येते. बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर टी.एस.एच.ची मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास छापलेली असते. लॅबप्रमाणे ती थोडी मागेपुढे होते, म्हणून शेजारच्या रकान्यात काय छापले आहे तेच पाहावे. ४.०, ०.४ आणि ०.०४ हे तीन आकडे चष्म्याशिवाय सारखेच दिसतात. पण पहिला वरच्या काठावर आहे, दुसरा खालच्या काठावर आहे, आणि तिसरा सांगतो की गोळी बहुधा फार होत आहे. गोळी जास्त होत राहिली तर छातीत धडधड होते, हात कापतात, झोप उडते, चिडचिड होते. पाळी गेलेल्या बायकांची हाडे ठिसूळ होतात आणि वयस्कर माणसांच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. वजन उतरावे म्हणून मनानेच जास्त गोळी घेणे धोक्याचे आहे, ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट. रस थोडासा कमी झाला तरी हाक पुष्कळ पटींनी चढते. म्हणून ४० आकडा आलेली बाई ४ आकड्यावालीपेक्षा दहापट आजारी असते, असे नाही. तसेच गेल्या खेपेस २.१ होता आणि यंदा २.९ आला, तर घाबरायचे कारण नाही. हा आकडा एकाच दिवसातही बदलतो. रात्री चढतो, दुपारी उतरतो. म्हणून शक्यतो दर खेपेस सकाळच्या सुमारास आणि त्याच लॅबमध्ये रक्त द्यावे. एक रिपोर्ट माढ्याचा, दुसरा कुर्डुवाडीचा, तिसरा सोलापूरचा असे झाले, तर यंत्रे वेगळी असल्याने तुलना नीट होत नाही. नुसत्या टी.एस.एच.साठी उपाशी राहण्याची गरज नसते. मात्र त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर गोळी घेणे बरे, कारण गोळी घेतल्यावर काही तास टी-फोरचा आकडा वर दिसतो.

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येते. गोळी चालू असताना रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, याचा अर्थ काय?

आपल्याच गावातील एका बाईंची हकीकत सांगते. त्यांच्या संमतीने सांगत आहे, पण नाव घेत नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांचा टी.एस.एच. दोनच्या घरात आला. घरात आनंद झाला. यजमान म्हणाले, ‘झाले की नॉर्मल. आता कशाला जन्मभर गोळ्या?’ बाईंनाही ते पटले. बाटली कपाटात गेली. पहिला महिना काहीच वाटले नाही, उलट गोळीवाचून चालते असा भरवसा आला. संक्रांतीनंतर पाय जड झाले. शिमग्यापर्यंत चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. आषाढीला दरवर्षी पायी पंढरपूर गाठणाऱ्या या बाई त्या साली वेशीपर्यंत चालू शकल्या नाहीत. रक्त तपासले तेव्हा आकडा साठाच्या वर होता.

काय झाले ते आपल्या दाखल्यावरून पाहा. मुलगा पाणी भरत नव्हता, म्हणून शेजारीण रोज दोन हंडे आणून देऊ लागली. पाणी मिळाले, आईचा आवाज खाली आला. याचा अर्थ मुलगा कामाला लागला असा होत नाही. शेजारणीला ‘आता येऊ नकोस’ म्हटले की चार दिवसांत पुन्हा तीच हाक. ती शेजारीण म्हणजे आपली गोळी. गोळी चालू असताना नॉर्मल आलेला रिपोर्ट एवढेच सांगतो की गोळीचे माप बरोबर आहे. आजार संपला असे तो सांगत नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडणे म्हणजे चष्म्यातून स्वच्छ दिसते म्हणून चष्मा टाकून देण्यासारखे आहे.

काही जणींचा आजार तात्पुरता असतो, हेही खरे. बाळंतपणानंतर काही महिने ग्रंथी बिघडते आणि पुढे पुष्कळदा आपोआप सुधारते. कोणाचा टी.एस.एच. किंचितच वर असतो आणि टी-फोर ठीक असतो. अशा वेळी डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवतात. पण गोळी थांबवून पाहायची की नाही हे तपासणीच्या आधाराने त्यांनीच ठरवायचे असते, आपण कपाटाचे दार लावून नव्हे.

‘इतकी वर्षे गोळी घेतली तर सवय लागेल, उष्णता वाढेल,’ अशी भीती पुष्कळांना असते. त्यासाठी या औषधाचा इतिहास थोडक्यात सांगते. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी या आजाराने सुजलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्यापूर्वी या आजाराला उपायच नव्हता. ती बाई पुढे २८ वर्षे जगली. १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळे काढले. पुढे १९२७ पर्यंत ते प्रयोगशाळेत तयार करणे साधले. आज आपल्या बाटलीतील गोळी म्हणजे तेच थायरॉक्सिन. आपली ग्रंथी जो रस करायची, तोच. घरची साखर संपली म्हणून दुकानातून आणली, एवढाच फरक. सवय लागण्याचा प्रश्नच येत नाही.

रक्तातील इतका सूक्ष्म पदार्थ मोजता येऊ लागला त्यामागे एका बाईचे मोठे श्रम आहेत, हे महिला मंडळात सांगायलाच हवे. अमेरिकेतील रोझलिन यॅलो यांनी सॉलोमन बर्सन या सहकाऱ्याबरोबर किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने असे पदार्थ मोजण्याची रीत काढली. १९७७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. आपल्या मुंबईत परळला १९६३ साली अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले आणि थायरॉईडच्या रुग्णांची तपासणी आणि उपचार तेथे होऊ लागले. एके काळी ज्या तपासणीसाठी मुंबई गाठावी लागे, ती आता तालुक्याच्या गावी होते.

‘आपण आयोडीनचे मीठ खातो, तरी हा आजार का?’ असे शेजारच्या काकूंनी मला विचारले होते. पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी आयोडीन न मिळाल्याने गावेच्या गावे गलगंडाने त्रासलेली असत. १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, तो यशस्वी झाला, आणि १९६२ साली सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ते मीठ जरूर खावे. पण आज आपल्यासारख्यांत जो आजार दिसतो, त्याचे कारण बहुधा वेगळे असते. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून स्वतःच्या थायरॉईडवर उलटते. जपानमधील हाशिमोटो या डॉक्टरांनी १९१२ साली याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव या आजाराला आहे. तो जास्त मीठ खाऊन बरा होत नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने तो बिघडतही नाही.

आता तपासणी कधी करायची ते पाहू. गोळीचे माप बदलले की आठ दिवसांत रक्त तपासायला धावू नये. थायरॉक्सिन शरीरात फार सावकाश खर्च होते. आज असलेल्यातील निम्मे सात दिवसांनीही शिल्लक असते. मोठ्या रांजणात रोज एक तांब्या ओतावा आणि रांजण थोडा थोडा पाझरत राहावा, तसे हे आहे. तांब्याचे माप बदलले तरी रांजणातील पाण्याची पातळी नवीन जागी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. त्यानंतरच हाक खरी काय ते सांगते. म्हणून माप बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासावे. एका कंपनीची गोळी बदलून दुसरीची सुरू केली तरी तेच करावे. आकडा स्थिर झाला की पुढे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, डॉक्टर सांगतील तसे. दर खेपेस सगळ्या तपासण्यांची लांबलचक यादी लागत नाही; एरवी बहुतेकींना टी.एस.एच. पुरतो.

या सावकाशपणामुळे रिपोर्ट आपली चोरीही पकडतो. महिनाभर गोळ्यांची हयगय करायची आणि तपासणीच्या आधी चार दिवस शहाण्यासारखे वागायचे, असे झाले तर रक्तातील टी-फोर चांगला दिसतो, पण टी.एस.एच. वरच राहतो. घरी पाणी आले तरी आईचा राग उतरायला वेळ लागतो ना, तसेच. असा रिपोर्ट पाहून डॉक्टरांना माप वाढवावेसे वाटेल, आणि खरी अडचण मात्र मापाची नसेल. तेव्हा डॉक्टरांना खरे सांगावे. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर त्यात लाज नाही. आठवल्यावर त्याच दिवशी घ्यावी, रांजण एका तांब्याने रिता होत नाही.

गोळी वेळेवर घेऊनही आकडा खाली येत नाही, अशी तक्रार असली तर घेण्याची रीत तपासावी. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी, आणि अर्धा ते एक तास चहा-कॉफीसुद्धा घेऊ नये. आमच्याकडे पहाटेच्या चहाशिवाय दिवस उजाडत नाही, म्हणून गोळी आणि चहा एकाच वेळी पोटात जातात आणि औषधाचा काही भाग वाया जातो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या याच्या शत्रू आहेत. त्या आणि ही यांत चार तासांचे अंतर हवे. आपल्या वयाच्या बायकांना तिन्ही गोळ्या लिहून दिलेल्या असतात, आणि विसरू नये म्हणून आपण त्या एकाच डबीत घालून एकाच घोटात घेतो! पित्ताच्या गोळ्यांनी आणि सोयाबीनच्या पदार्थांनीही फरक पडतो. ज्यांना सकाळी जमत नाही त्यांनी रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, मात्र डॉक्टरांशी बोलून आणि रोज तीच वेळ ठेवून.

उपवासाचे म्हणाल तर एकादशीला गोळी सोडण्याचे कारण नाही. हरतालिकेच्या निर्जळी उपासात घोटभर पाण्याबरोबर घेतलेले औषध देवीला खचित रुचेल. रोजा ठेवणाऱ्या आपल्या शेजारणींनी सहरीपूर्वी किंवा रात्री झोपताना घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. माढ्याच्या उन्हाळ्यात गोळ्यांची बाटली गॅसच्या शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नये. उष्णता, ऊन आणि ओल यांनी हे औषध नासते. झाकण घट्ट लावून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

केस गळतात म्हणून केसांच्या आणि नखांच्या गोळ्या घेणाऱ्यांना एक सूचना. त्यांत बायोटिन नावाचे जीवनसत्त्व पुष्कळ असते. ते शरीराला अपाय करत नाही, पण काही यंत्रांना फसवते. टी.एस.एच. खोटाच कमी दिसतो आणि टी-फोर खोटाच जास्त. मग चांगल्या चाललेल्या गोळीचे माप उगाच कमी होते. अशी गोळी घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवावी, आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

आपला आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहू नये. सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंचा आकडा थोडा वर असला तरी डॉक्टर तो चालवून घेतात. थायरॉईडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या काही बाईंचा आकडा मुद्दाम खाली ठेवतात. आणि एका आजारात तर आईचाच आवाज बसलेला असतो. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर कधी कधी पीयूषिका ग्रंथीलाच इजा होते. मग हाकच येत नाही, टी.एस.एच. नॉर्मल किंवा कमी दिसतो, आणि रांजण मात्र रिकामा असतो. बाळंतपणात पुष्कळ रक्त गेले, नंतर दूध आले नाही, पाळी परत सुरू झाली नाही, थकवा हटत नाही, असे असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगावे. अशा बाईला टी-फोर तपासल्यावाचून काही कळत नाही.

आता जे सांगायचे आहे ते सासवांनी आणि आयांनी विशेष ऐकावे.

लग्न जमवताना मुलीची थायरॉईडची गोळी लपवतात. ‘लग्न झाल्यावर सांगू’ म्हणतात, आणि नंतर सांगायचे राहून जाते. मुलगी सासरी जाते ती बाटली बॅगेच्या तळाशी दडवून. पहाटे उठून सगळ्यांदेखत गोळी कशी घ्यावी? कोणी पाहत नसेल तेव्हा घेते, कधी घेतही नाही. अशी एक मुलगी मला ठाऊक आहे. तिला दिवस गेले तेव्हा पहिल्या तपासणीत आकडा चौदा निघाला. सासूबाईंना प्रथमच कळले. त्यांनी पहिली गोष्ट म्हटली ती ही, ‘पोटुशी बाईने अशा गोळ्या घ्यायच्या नसतात, बाळाला बाधतात.’

भगिनींनो, गोष्ट नेमकी उलट आहे. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी काम करू लागलेली नसते. त्याच काळात त्याच्या मेंदूचा पाया घातला जातो, आणि त्याला लागणारा रस सगळा आईच्या रक्तातून जातो. घरात पाहुणा आला की पाणी जास्त लागते, तसे गोळीचे माप तेव्हा बहुधा पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाढवावे लागते. दिवस राहिल्याचे कळताच, पहिल्या नोंदणीची वाट न पाहता, डॉक्टरांना सांगावे. पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी टी.एस.एच. तपासावा. या दिवसांत एरवीचे ‘चारपर्यंत ठीक’ चालत नाही. साधारण अडीचच्या आत ठेवतात. बाळंतपणानंतर माप पूर्वीसारखे करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतात. अंगावर पाजतानाही गोळी चालूच ठेवावी.

त्या मुलीच्या सासूबाईंना हे डॉक्टरांनी समजावून सांगितले, आणि त्या समजल्या. पुढे रोज पहाटे सुनेच्या हातात गोळी आणि पाण्याचा पेला त्याच देऊ लागल्या. सहा आठवड्यांत आकडा खाली आला. नातू झाला, तो धडधाकट आहे.

बाळ जन्मले की त्याचाही थायरॉईड तपासून घ्यावा. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ही तपासणी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी होते. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. मीना देसाई यांनी १९८० नंतरच्या काळात नवजात बालकांच्या या तपासणीचे काम आपल्याकडे पुढे आणले. जन्मतःच ज्या बाळाचा थायरॉईड काम करत नाही ते पहिल्या दिवसांत इतर बाळांसारखेच दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर त्याची बुद्धी इतर मुलांसारखी वाढते. उशीर झाला तर गेलेले परत येत नाही. एवढी गोष्ट दोन थेंबांवर अवलंबून आहे. आपल्या दवाखान्यात ही सोय आहे का, हे बाळंतपणाआधीच विचारून ठेवावे.

शेवटी मंडळापुढे दोन विनंत्या ठेवते. पहिली, प्रत्येकीने एक शंभर पानी वही करावी. तारीख, लॅबचे नाव, टी.एस.एच., शेजारी छापलेली मर्यादा, गोळीचे माप आणि काही बदल केला असेल तर तो, एवढे एका ओळीत लिहावे. गोळीचे माप मायक्रोग्रॅममध्ये असते. २५, ५०, ७५, १०० हे आकडे बाटलीवर पाहून जसेच्या तसे उतरावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शेजारणीने लिहून द्यावे. वही घेऊन डॉक्टरांकडे गेले की दहा मिनिटांत महिन्यांचा हिशेब त्यांच्यापुढे येतो.

दुसरी विनंती, या गोळीची लाज सोडावी. ज्या घरात लेकीसुना पहाटे उघडपणे गोळी घेऊ शकतात, त्या घरात रिपोर्ट आपोआप सुधारतात. मुलगी पाहायला आलेल्यांना ‘ती थायरॉईडची गोळी घेते आणि तिची प्रकृती उत्तम आहे’ असे आपण सरळ सांगावे. आणि आपण मुलगी पाहायला जाऊ तेव्हा तसेच सरळ ऐकून घ्यावे.